सापडलेलं घड्याळ

ग्युमरीत दर मंगळवारी संध्याकाळी सहाला
शिवणशाळेच्या वरच्या खोलीत मी धर्मविचार शिकवते.
प्रवेशिका. बारा पाठ. अट कसलीच नाही.
येतात नऊजण, थंडी वाढली की अकरा,
कारण इमारतीतली एकुलती शेगडी आमच्या खोलीत आहे.

पहिल्या पाठाला मी म्हटलं,
इथे कुणाची श्रद्धा मोजायची नाही, मोडायची नाही,
फक्त तिला खाली बसवून चार प्रश्न विचारायचे.
सेरोब गवंडी म्हणाला, बसेल का पण?
माझी तर जन्मभर उभीच आहे
परांचीवर, घमेलं घेऊन.

दुसऱ्या पाठाला आदिकारण.
प्रत्येक गोष्टीला कारण, त्या कारणाला कारण,
असं मागे मागे सरकत आम्ही एका भिंतीशी पोचलो
आणि तास संपला म्हणून सुटलो.

तिसऱ्याला वहीतून वाचून दाखवलं:
समजा, माळावरून चालताना दगड सापडला,
तर आपण काही विचारत नाही.
सेरोब इथे खाकरला. दगडाबद्दल त्याला बरंच म्हणायचं होतं.
पण समजा, घड्याळ सापडलं.
चाकं, दाते, स्प्रिंग, एकात एक बसवलेली.
मनात पहिला प्रश्न काय येईल?

उत्तर मला ठाऊक होतं. येरेवानला असताना पाठच केलं होतं.
हे कुणी बनवलं?

मागच्या बाकावर शोघाकात बाई असतात.
बाजाराच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं खोपटं,
उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा वळ, कायमचा.
त्या म्हणाल्या, कुणाचं हरवलं?

मी म्हटलं, काय?

कुणाचं हरवलं. हा पहिला प्रश्न.
बनवणाऱ्याचं नाव तबकडीवर असतंच की.

मग शेगडीकडे बघत, कुणाला म्हणून नाही:
भूकंपाच्या त्या डिसेंबरात लोक
वडिलांकडे घड्याळं आणून द्यायचे.
ढिगाऱ्यातली. आधी रुमालात, नंतर बादलीत.
सगळी अकरा एक्केचाळीसला थांबली
असं पाहुण्यांना सांगतात.
खोटं आहे.
बरीचशी चालू होती.
मनगटांवर
चालू होती.

वडील रोज सकाळी एकेकाला किल्ली द्यायचे.
मी पंधरा वर्षांची. चिडले, म्हटलं, कशासाठी?
म्हणाले, कुणी आलंच,
तर निदान वेळ तरी बरोबर असावी.
सत्तावीसजण येऊन घेऊन गेले.
बाकीची आहेत.

कुणी बोललं नाही. खाली शिवणयंत्र चालू होतं.
सेरोब म्हणाला, त्यात एखादं
तपकिरी पट्ट्याचं
आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.
बाई म्हणाल्या, उद्या या. दहानंतर.

फळ्यावर माझे तीन शब्द तसेच:
रचना, हेतू, रचनाकार. तिसऱ्याखाली दोन रेघा.
दुःखाचा प्रश्न सातव्या पाठात येतो.
मी समजत होते, अजून महिनाभर हातात आहे.

मार्चमध्ये परीक्षा घेतली.
प्रश्न दुसरा: सृष्टीच्या रचनेवरून रचनाकार सिद्ध होतो का?
चर्चा करा. दहा गुण.
पोरांनी पानं भरली. एकाने डोळ्याची आकृती काढली,
पापणीचे केस मोजून.
शोघाकात बाईंच्या दोनच ओळी, बारीक अक्षरात:
बनवणारा भेटला तर त्याला इकडे पाठवा.
मालकांची यादी त्याच्याकडे असायला हवी.

हे उत्तर आहे का? बरोबर आहे का?
लाल पेन उघडून ठेवलं, शाई वाळली.
गुणपत्रिकेत त्यांच्यापुढचा चौकोन अजून कोरा आहे,
कार्यालयातून दोनदा निरोप आला.

सेरोब हल्ली घड्याळ घालून येतो.
तपकिरी पट्टा, शेवटच्या भोकात लावलेला,
तरी त्याच्या मनगटात रुततो.
तासाला उशीर करतोच तो, पूर्वीसारखा.
आत येताना तबकडीकडे बघतो, मग माझ्याकडे.
मी पाठ पुढे नेते.
पहिला प्रश्न
मी त्याला विचारलेला नाही.